तुळशीच्या तेलात युजेनॉल का नव्हतं? अंजनगाव परिसरातलं एक प्रकरण

अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या एका शेतकरी गटानं गेल्या खरिपात तुळस लावली, कापली, भट्टीवर तेल काढलं आणि बोलणं झाल्याप्रमाणे नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडे पाठवलं. काही दिवसांत ड्रम परत आले. सोबत निरोप होता: यात युजेनॉल (तुळशीच्या तेलात अपेक्षित असलेला मुख्य घटक) नाही, म्हणजे हे तुळशीचं तेलच नाही, तुम्ही भेसळ केली आहे. गटातल्या कोणीही तेलात काही मिसळलेलं नव्हतं. मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गटातल्या दोघांच्या मुली माझ्या विद्यार्थिनी, म्हणून मंडळी नमुन्याच्या बाटल्या घेऊन थेट प्रयोगशाळेत आली. "मॅडम, आमी काईच नाही टाकलं याच्यात. तुमीच पाहून सांगा," एवढंच अध्यक्ष म्हणाले.

सुगंधी पिकांकडे वळू पाहणारे असे गट अमरावती, अकोला, यवतमाळकडे बरेच भेटतात. ते नेमके याच ठिकाणी अडकू शकतात, म्हणून हे प्रकरण पूर्ण लिहिते आहे.

तुळशीचा निर्णय त्यांनी उगाच घेतला नव्हता. सातपुड्याच्या पायथ्याची ही शिवारं रोही (नीलगायी) आणि रानडुकरांनी हैराण झालेली आहेत. हरभरा पेरला की रात्री जागल आलीच. उग्र वासाचा पाला जनावरं सहसा तोंडात धरत नाहीत, हा तुळशीचा पहिला फायदा. दुसरं म्हणजे या पट्ट्याला औषधी पिकं नवीन नाहीत. अंजनगावची पानपिंपळी आणि अकोटकडची सफेद मुसळी पिढ्यांपासून लावली जाते, तिचा व्यापार लोकांना कळतो. २०१७ मध्ये सीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं सुगंधी पिकांसाठी अरोमा मिशन सुरू केल्यापासून गवती चहा, तुळस, मेंथा या पिकांची माहिती गावोगाव पोहोचली. गटानं भाड्यानं ऊर्ध्वपातनाची, म्हणजे वाफेवर तेल काढायची, भट्टी मिळवली, बॉयलर चालवायला माणूस शिकवला आणि एका रोपवाटिकेतून ट्रेमधली "सुधारित तुळस" आणली. रोपांच्या पावतीवर तेवढेच दोन शब्द होते. जात नाही, वनस्पतीचं शास्त्रीय नाव नाही, तेलात कोणता घटक मुख्य आहे याचा उल्लेख नाही.

फक्त एका शेतकऱ्याला ट्रे कमी पडले. त्यानं बांधावरच्या आणि घरच्या वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्यांचं बी टाकून स्वतः रोपं केली आणि अर्धा एकर त्यावर भागवला. त्याचं तेल गटानं वेगळ्या ड्रममध्ये ठेवलं होतं. ते फारच कमी निघालं, म्हणून हिशेब वेगळा राहावा एवढाच हेतू. या वेगळ्या ड्रमचा पुढे फार उपयोग झाला.

बाटल्यांची झाकणं उघडली तेव्हा सोबत आलेल्या एका काकूंनी पदराला हात पुसत सांगितलं, "हे मी कापनीच्या दिवशीच म्हनली होती. आमच्या दारच्या तुळशीले असा वास नाही येत. हिले बडीशेपीचा वास येते." कापणीच्या घाईत कोणी लक्ष दिलं नव्हतं. त्यांचं नाक अगदी बरोबर होतं. बडीशेपेचा गोडसर वास मुख्यतः अ‍ॅनेथॉल या रेणूचा असतो. मिथिल चॅव्हिकॉल नावाचा रेणू त्याचा समघटक आहे: अणू तेच, तितकेच, फक्त बाजूच्या साखळीतला दुहेरी बंध एक घर सरकलेला. दोघांचा वास म्हणूनच एका घराण्यातला, आणि मला संशय आला तो या दुसऱ्या रेणूचा. युजेनॉलचा वास याहून अगदी वेगळा, लवंगेचा. लवंगेच्या तेलात बहुतांश युजेनॉलच असतं, आणि दात दुखल्यावर आपण जे तेल कापसावर घेतो ते हेच.

वासावरून अंदाज येतो, पण व्यापाऱ्यापुढे नाक पुरावा म्हणून चालत नाही. कॉलेजात गॅस क्रोमॅटोग्राफीचं यंत्र नाही. पण युजेनॉल आहे की नाही हे ठरवायला त्याची गरजही नसते, आणि हे मला सगळ्यांना कळकळीनं सांगायचं आहे. युजेनॉल हा फिनॉल आहे. त्याच्या वलयावर मोकळा हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळे तो सौम्य अल्कलीत विरघळतो. मिथिल चॅव्हिकॉल आणि लिनालूल (अशा तेलांतला आणखी एक घटक) विरघळत नाहीत. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल मोजायची जुनी रीत यावरच उभी आहे: लांब, खुणा केलेल्या मानेच्या कॅसिया चंबूत ठरावीक तेल घ्यायचं, कॉस्टिक पोटॅशचं पाच टक्क्यांचं द्रावण घालून चांगलं हलवायचं, थांबायचं आणि न विरघळलेलं तेल मानेत किती चढलं ते वाचायचं. जेवढं नाहीसं झालं तेवढे फिनॉल.

गटाच्या ड्रममधलं तेल जवळजवळ सगळंच्या सगळं मानेत वर आलं. वेगळ्या ड्रममधल्या तेलाचा मोठा भाग पोटॅशमध्ये गेला, वर थोडाच थर राहिला. मग दोन्हींचे थेंब अल्कोहोलमध्ये घेऊन फेरिक क्लोराइड टाकलं, फिनॉल असला की त्याचा रंग बदलतो. पहिल्याचा रंग अभिकर्मकाचाच पिवळसर राहिला, दुसरा लगेच हिरवट निळा झाला. काकूंनी दोन्ही परीक्षानळ्या खिडकीशी धरून पाहिल्या आणि आपल्या मुलाला दाखवल्या. त्या क्षणी प्रकरणाचा अर्धा उलगडा झाला होता. व्यापाऱ्याचं "युजेनॉल नाही" हे म्हणणं खरं होतं, आणि गटाचं "भेसळ केली नाही" हेही खरं होतं.

उरलेल्या अर्ध्यासाठी नमुने नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवले. गॅस क्रोमॅटोग्राफीत तेलाची वाफ एका बारीक, खूप लांब नळीतून वायूच्या प्रवाहाबरोबर जाते. घटक आपापल्या उकळबिंदूप्रमाणे आणि नळीच्या अस्तराला किती चिकटतात त्याप्रमाणे मागेपुढे बाहेर पडतात. प्रत्येकाचं एक शिखर उमटतं, आणि शिखराखालचं क्षेत्रफळ टक्क्यांत मांडलेलं असतं. पुढे जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर रेणूचं वस्तुमान आणि तो कसा फुटतो ते सांगतो: मिथिल चॅव्हिकॉल १४८, लिनालूल १५४, युजेनॉल १६४, मिथिल युजेनॉल १७८, बीटा-कॅरियोफायलीन २०४. अहवालातले टक्के वाचताना एक लक्षात ठेवावं. ते क्षेत्रफळाचे टक्के असतात, वजनाचे नव्हेत. दशांशातल्या फरकावरून भांडण करण्यात अर्थ नसतो.

इथे दशांशाचा प्रश्नच नव्हता. गटाच्या तेलात मिथिल चॅव्हिकॉल सत्तरीच्या वर आणि लिनालूल विसाच्या आसपास होतं, युजेनॉल नावापुरतं. वेगळ्या ड्रममध्ये युजेनॉल साठीच्या पुढे, त्याखालोखाल बीटा-कॅरियोफायलीन, आणि थोडं मिथिल युजेनॉल.

पहिला अहवाल म्हणजे भारतीय बॅसिल तेलाचं नेहमीचं रूप. रोपवाटिकेनं दिलेली झाडं ऑसिमम बॅसिलिकमची होती, म्हणजे फालुद्यात ज्याचं बी घालतात त्या सब्जाची. दारची तुळस ऑसिमम टेन्युइफ्लोरम, वेगळी प्रजाती. कुल एकच, लॅमिएसी, पुदिन्याचं. सब्जाचं पान गुळगुळीत आणि चकाकतं, तुळशीचं लवदार, कडेला दातेरी, अनेकदा जांभळट. ट्रेमधल्या चार पानांच्या रोपावर हा फरक नीट दिसत नाही, आणि शेतात झाड मोठं होईतो निंदण, पाऊस, मजूर यांतून कोण निरखून पाहणार? ज्यांनी पाहिलं त्यांनी "सुधारित आहे म्हणून अशी असेल" असं धरलं.

प्रजाती ओळखली की काम संपलं असं मात्र नाही. एकाच प्रजातीची, डोळ्यांना सारखी दिसणारी झाडं पूर्णपणे वेगळी तेलं देतात. ऑसिमम बॅसिलिकममध्ये मिथिल चॅव्हिकॉलचं प्राबल्य असलेला प्रकार आहे, लिनालूलचा आहे, मिथिल सिनॅमेटचा आहे, आणि युजेनॉलचाही आहे. तुळशीतही युजेनॉलऐवजी मिथिल युजेनॉल भरपूर असलेली झाडं सापडतात. यांना रासायनिक प्रकार म्हणतात. लखनौच्या सीमॅप या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेनं (स्थापना १९५९) म्हणूनच जाती तेलाच्या घटकांवरून वेगळ्या काढल्या आहेत: सिम-आयु ही युजेनॉलची तुळस, तर सिम-सौम्या ही मिथिल चॅव्हिकॉल आणि लिनालूलची बॅसिल. गटाच्या अहवालाचा नमुना या दुसऱ्या प्रकाराशी जुळतो.

सातपुड्यातल्या जुन्या लोकांना ही गोष्ट दुसऱ्या वनस्पतीतून माहीत आहे. रोशा गवताचे, म्हणजे तिखाडीचे, मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार. गवत जवळपास सारखंच, पण मोतियाच्या तेलात जेरॅनिऑल भरपूर म्हणून त्याला गुलाबासारखा वास आणि चांगला भाव. तेल काढणारे हे दोन्ही वेगळे ठेवत. त्यांच्याकडे क्रोमॅटोग्राफी नव्हती, वास घ्यायची आणि वेगळं ठेवायची शिस्त होती.

एवढा मोठा फरक झाडात नेमका कुठे पडतो, हा प्रश्न गटातल्या एका तरुणानं विचारला आणि मला फार आनंद झाला. पुदिना कुलातल्या झाडांचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या अगदी बारीक ग्रंथींमध्ये साठतं. भिंगाखाली त्या चमकणाऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. त्यांतल्या पेशी तेलाचे रेणू दोन वेगळ्या वाटांनी घडवतात. एक वाट टर्पीनची, पाच कार्बनच्या तुकड्यांची. दोन तुकडे जोडले की लिनालूल, मेंथॉल, कापूर, सिनिओल यांचा गट तयार होतो, तीन जोडले की कॅरियोफायलीनसारखे जड रेणू. दुसरी वाट फिनाइल अ‍ॅलनिन या अमिनो आम्लापासून निघते आणि चॅव्हिकॉल व युजेनॉलपर्यंत येते. शेवटच्या पायरीवर एक विकर (एन्झाइम) मोकळ्या हायड्रॉक्सिलवर मिथिल गट बसवतो: चॅव्हिकॉलचं मिथिल चॅव्हिकॉल होतं, युजेनॉलचं मिथिल युजेनॉल. बॅसिलमध्ये ही दोन कामं करणारे दोन विकर सुमारे ९० टक्के सारखे आहेत, आणि त्यांतलं एकच अमिनो आम्ल बदललं तर विकराची पसंती एका रेणूवरून दुसऱ्यावर जाते, हे प्रयोगानं दाखवलेलं आहे. पानाच्या आकाराशी किंवा झाडाच्या उंचीशी त्या बदलाचा संबंध नाही. म्हणून शेतात उभं राहून डोळ्यांनी तेल ओळखता येत नाही.

जमीन, पाणी, कापणीची वेळ यांचा परिणाम होतो, पण तो टक्के वरखाली होण्यापुरता. खत बदलून मिथिल चॅव्हिकॉलच्या झाडातून युजेनॉल निघणार नाही. गटातल्या काहींना वाटत होतं की आपली काळी जमीनच नडली, किंवा भट्टी जास्त तापली. दोन्ही शंका मी स्पष्ट शब्दांत काढून टाकल्या, कारण जमिनीवर खापर फोडलं की पुढल्या वर्षी तीच रोपं पुन्हा येतात.

आता त्या वेगळ्या ड्रमकडे वळते. घरच्या बियांच्या तुळशीचं तेल गुणानं व्यापाऱ्याला हवं तसंच होतं, मग इतकं कमी का निघालं? याचं उत्तर घनतेत सापडलं. लिनालूलची घनता सुमारे ०.८६, मिथिल चॅव्हिकॉलची ०.९६ च्या जवळ. दोन्ही पाण्यावर तरंगतात. युजेनॉलची घनता १.०६ च्या पुढे आहे, ते पाण्यात बुडतं. तुळशीच्या तेलात बुडणारं युजेनॉल आणि तरंगणारं कॅरियोफायलीन एकत्र असतात, त्यामुळे सगळं तेल पाण्याच्या घनतेच्या आसपास येतं आणि नीट वर येत नाही, नीट खालीही बसत नाही. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमधून येणारं पाणी दुधाळ दिसतं. भाड्याच्या भट्टीचा रिसीव्हर, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं होण्याचं भांडं, गवती चहासाठी बनवलेला: तेल वर साचतं आणि पाणी तळाच्या नळीतून सतत बाहेर जातं. त्या तळाच्या नळीतूनच तुळशीच्या तेलाचे जड थेंब नालीत गेले. शिवाय युजेनॉल पाण्यात थोडं विरघळतंही, दर लिटरला दोन ग्रॅमच्या वर. बॉयलरवाल्या भावाला आठवलं की त्या दिवशी नालीजवळ दिवसभर लवंगेसारखा वास येत होता.

हा प्रश्न जुनाच आहे. प्रयोगशाळेत तेलाचं प्रमाण मोजायला वापरतात ते क्लेव्हेंजरचं उपकरण १९२८ चं. तेव्हापासूनच त्याचे दोन आकार आहेत, हलक्या तेलासाठी एक आणि जड तेलासाठी दुसरा. भट्टीवर उपाय असे: जड तेलाचा किंवा दोन्हीकडून तेल काढता येईल असा रिसीव्हर लावणं, बाहेर पडणारं पाणी ओतून न देता पुन्हा टाकीत फिरवणं, आणि रिसीव्हरमधलं पाणी फार थंड किंवा फार वेगात जाऊ न देणं. शिवाय युजेनॉलचा लोखंडाशी संपर्क आला की तेल काळपट पडतं, म्हणून टाकी, नळी, साठवणीचं भांडं सगळं स्टेनलेस स्टीलचं हवं.

त्या अहवालातल्या मिथिल युजेनॉलच्या नावावर एक संत्रावाले काका थांबले. "हे तं आमच्या फळमाशीच्या सापळ्यातलं हाय ना?" हो, तेच. फळमाशीचा नर या रेणूकडे ओढला जातो, आणि सापळ्यात तुळशीच्या पाल्याचा रस ठेवायची जुनी पद्धत याच कारणानं उपयोगी पडते. पण तेलात हा घटक वाढणं बरं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २०२३ मध्ये मिथिल युजेनॉलला माणसाला बहुधा कर्करोगकारक ठरणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. युरोपात मिथिल युजेनॉल आणि मिथिल चॅव्हिकॉल ही दोन्ही शुद्ध रूपात खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. त्यामुळे निर्यात करणारा खरेदीदार या दोन आकड्यांवर बोट ठेवतोच. गटातल्या बायकांनी हे तेल चहात थेंब थेंब घालायचा विचार केला होता. तो मी थांबवायला सांगितला. पानांचा काढा आणि शेकडो पटींनी घट्ट झालेलं तेल एका मापानं घेता येत नाही.

याच बैठकीत एकानं तोडगा सुचवला: बाजारातून लवंगेचं तेल आणू, ड्रममध्ये मिसळू, युजेनॉल भरेल. नुकसान डोळ्यांसमोर असताना माणसाच्या मनात असं येणं मी समजू शकते, पण मी ते तिथल्या तिथे नाकारलं. एक तर मग व्यापाऱ्याचा आरोप खरा ठरला असता. दुसरं, अहवालात ते लपत नाही. लवंगकळीच्या तेलासोबत युजेनिल अ‍ॅसिटेट येतं, आणि मिथिल चॅव्हिकॉलचा डोंगर तर जागचा हलत नाही. अध्यक्षांनी त्या माणसाकडे पाहून सांगितलं, "आपन खोटं नाही केलं म्हनून तं मॅडमकडे आलो ना रे भाऊ."

मग निर्णय झाले. गटाचं तेल खराब नव्हतं, नाव चुकलेलं होतं. मिथिल चॅव्हिकॉलच्या बॅसिल तेलाला अत्तर, साबण आणि स्वाद उद्योगात स्वतःचा बाजार आहे. अहवाल जोडून, शास्त्रीय नाव लिहून ते दुसऱ्या खरेदीदाराला दाखवलं आणि ते विकलं गेलं. भाव मनात धरलेल्या भावापेक्षा कमी आला, पण ड्रम ओतून द्यावे लागले नाहीत. व्यापाऱ्याला दोन्ही अहवाल पाठवले. त्यानं भेसळीचा शब्द मागे घेतला आणि वेगळ्या ड्रममधलं तेल घेतलं. रोपवाटिकेशी बोलणं झालं, तिथून भरपाई मिळाली नाही. पावतीवर काहीच लिहिलेलं नसल्यामुळे दाव्याला आधारही नव्हता, आणि मला यातली ही सर्वांत चीड आणणारी बाजू वाटते. खताच्या पिशवीवर नत्र, स्फुरद, पालाश छापलेलं असतं. सुगंधी पिकाच्या रोपावर मुख्य घटक लिहून मागणं हा शेतकऱ्याचा साधा हक्क मानला पाहिजे.

या हंगामासाठी गटानं ठरवलेली पद्धत अशी. रोपं नोंदणीकृत जातीच्या नावानं आणि पावतीवर शास्त्रीय नावासह घ्यायची. बी आणलं तर आधी चिमूटभर पाण्यात टाकून पाहायचं: सब्जाचं काळं बी काही मिनिटांत बुळबुळीत होऊन फुगतं, तुळशीचं बारीक तपकिरी बी तसं फुगत नाही. सगळी जमीन लावण्याआधी थोडी झाडं वाढवून, फुलोऱ्यात आल्यावर त्यांचा पाला कॉलेजात आणायचा. आमच्याकडे क्लेव्हेंजरची दोन्ही उपकरणं आहेत. विद्यार्थी तेल काढतील, पोटॅशची चाचणी करतील, आणि ती जुळली तरच नमुना क्रोमॅटोग्राफीला जाईल. चांगली ठरलेली झाडं बियांऐवजी फांद्यांच्या छाट्यांनी वाढवायची, कारण मधमाश्या एका प्रकाराचे पराग दुसऱ्यावर नेतात आणि जवळ दुसरा प्रकार असेल तर बियांची पुढची पिढी मिश्र निघते. कापणी पावसाची उघडीप पाहून, उन्हाच्या दिवशी. पाला सावलीत थोडा सुकवायचा आणि चुरगळू द्यायचा नाही, कारण तेल पानाच्या वरच असतं.

घरच्या बियांवर अर्धा एकर भागवणाऱ्या शेतकऱ्याच्या झाडांपासून छाट्या घ्यायला सुरुवात झाली आहे. त्याच्या वाफ्यातही सगळी झाडं सारखी नाहीत. काहींत मिथिल युजेनॉल जास्त असणार, म्हणून प्रत्येक मातृझाडाला क्रमांकाची पट्टी बांधली आहे आणि त्याच क्रमांकाच्या बाटल्या प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवल्या आहेत. ज्या क्रमांकांचा अहवाल येईल त्यांच्याच छाट्या वाफ्यातून शेतात जातील. भट्टीवाल्यानं जड तेलाचा रिसीव्हर बनवून घ्यायला होकार दिला आहे. त्याचा खर्च गट आणि तो निम्मा निम्मा उचलणार आहेत.